खिडकीबाहेर रस्ता होत होता

परवा सकाळी दारावर भाजीवाली आली. डोक्यावरची पाटी खाली घेत म्हणाली, "आजी, येळवशीचं सामान घेताव का? तुरीच्या शेंगा हायत, पावटा हाय, हरभरा तर आत्ताच उपटून आणलाय." मी पाटीत हात घातला. शेंगांवरचं दव अजून वाळलं नव्हतं. बोटं गार पडली, तुरीचा तो हिरवा, थोडा तुरट वास नाकात गेला आणि मी काय घ्यायचं तेच विसरले. भाजीवाली बिचारी वाट बघत उभी.

आमच्या धाराशिवकडं मार्गशीर्षाच्या अमावस्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावात माणूस राहत नाही. पहाटेच बैलगाड्या जुंपतात, ताक-ज्वारीच्या आंबिलीचं मडकं आणि भज्जीची, म्हणजे हिरव्या शेंगा-भाज्यांच्या मिसळीची, भांडी गाडीत ठेवतात आणि सगळं गाव शेतात जातं. ज्वारी कमरेच्या वर आलेली असते, करडईला काटे धरू लागलेले असतात, हवेत गारठा असतो. ज्यांना शेत नाही त्यांनाही कुणीतरी आग्रहानं घेऊन जातं. दुकानं बंद, कचेऱ्या ओस. वर्षातून एकदाच गाव इतकं गप्प होतं.

एका येळवशीला मी शेतात गेले नव्हते. दोन दिवसांची बाळंतीण होते. त्या गप्प झालेल्या गावात खाटेवर पडून मी एक आवाज ऐकला होता, आणि ती सगळी थंडी मग मी आवाजांवरच काढली. आपला जिल्हा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात आला, त्याच्या पुढचा तो हिवाळा.

आम्ही मनियार गल्लीत भाड्यानं राहत होतो, दोन खोल्यांत. नावाप्रमाणं गल्लीत बांगड्यांची दुकानं होतीच, पण शिंपी होते, अत्तरवाला होता, एक वकील होते आणि आमच्यासारखे कचेरीतले कारकून होते. बाजारातून सरकारी दवाखान्याकडं जायची हीच जवळची वाट. त्यामुळं सकाळपासून दिवेलागणीपर्यंत गल्ली वाहत असायची. आडतीकडं जाणाऱ्या गाड्या, शाळेच्या पोरी, पाण्याच्या घागरी, दवाखान्यातून औषधाची बाटली छातीशी धरून येणारी खेड्यातली माणसं. आणि या सगळ्यांच्या पायाखाली तो रस्ता. कधीकाळी काळ्या घडीव दगडांनी बांधलेला असावा. आता निम्मे दगड खचले होते, निम्मे उचकटून कुणाकुणाच्या दारात पायरी होऊन बसले होते. मधोमध गटाराची मोरी रस्ता ओलांडून जायची. तिच्यावरची फरशी फुटली होती. फुटल्यावर कुणीतरी फळी टाकली, ती पावसात कुजली, मग तेही कुणी केलं नाही. गल्लीतली माणसं त्या खड्ड्याला वळसा घालून चालायला इतकी सरावली होती, की एखादा परगावचा सरळ चालत येऊन पडला तर आम्हाला त्याचीच चूक वाटायची.

माझे यजमान कचेरीत होते. उर्दूत शिकलेला माणूस. सगळी उमेदीची वर्षं उजवीकडून डावीकडं लिहिलं आणि आता हात वळवून मराठीत लिहायला बसले होते. रस्त्याचं गाऱ्हाणं घेऊन ते दोनचार ठिकाणी जाऊन आले. ज्या कचेरीत जावं तिथं उत्तर एकच, हे काम जुन्या सरकारातलं आहे, नव्यात अजून आलेलं नाही. घरी येऊन ते हसत म्हणायचे, "राज्य पुढं गेलं, गल्ली मागंच राहिली."

पण ते काही खरं कारण नव्हतं. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि बोलत कुणी नव्हतं. रस्ता दुरुस्त करायचा तर चार घरांनी एकत्र बसायला हवं होतं, आणि अठ्ठेचाळीस सालापासून या गल्लीतली घरं एकत्र बसली नव्हती. आधी रझाकारांच्या धास्तीनं आमच्यासारखी कुटुंबं रातोरात बार्शीकडं गेली. मग पोलीस ॲक्शन झाली, तेव्हा गल्लीतली मुसलमान घरं उठली. पुष्कळजण परत आले. परतले, पण दाराला आतून कडी घालूनच राहिले. येता-जाता सलाम व्हायचा, रामराम व्हायचा, उंबरा मात्र कुणी कुणाचा ओलांडत नव्हतं.

माझ्या सासूबाई त्याच वर्षी विधवा झाल्या. बार्शीच्या त्या गर्दीत, ताडपत्रीच्या आडोशाला, मामंजी तापानं गेले. आणि मोरीसमोरच्या घरात राहणारी चाँदबी मनियारीण, तिचा एकुलता एक मुलगा महमूद त्याच वर्षी निघून गेला. आधी हैदराबादला आहे म्हणायचे, मग कराचीला आहे म्हणायचे, मग काहीच कुणी म्हणेना. या दोघी बायका त्याआधी एकमेकींच्या चांगल्या परिचयाच्या. सासूबाईंच्या लग्नाचा चुडा चाँदबीच्या सासूनं भरलेला, पुढं दर संक्रांतीला चाँदबीनं. मग हात रिकामे झाले, तिच्याकडं जायचं कारणच संपलं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला बांगड्या भरायला सासूबाई दुसऱ्या गल्लीत घेऊन गेल्या. 

माझं पहिलं बाळंतपण येडशीला, माहेरी झालं होतं. मूल रडलंच नाही. त्यावर मी फार लिहीत नाही. दुसऱ्या वेळेला यजमानांनीच ठरवलं की कुठं जायचं नाही, इथंच राहायचं, दवाखाना जवळ आहे. जवळ म्हणजे गल्ली ओलांडली की दवाखाना. आम्हाला वाटलं, आता कशाची भीती?

येळवशीच्या दोन दिवस आधी बाजार भरला होता. सगळ्या तालुक्याची भाजी त्या दिवशी गावात उतरते. कळा सुरू झाल्या तेव्हा ऊन चढत होतं. यजमानांनी तांगा आणला. मी, सासूबाई आत, ते पुढं तांगेवाल्याशेजारी. गल्ली माणसांनी गच्च. तांगेवाला "बाजू, बाजू" करत नेत होता आणि मोरीपाशी समोरून कडब्याची गाडी आली. तिला जागा द्यायला त्यानं तांगा थोडा डावीकडं घेतला. चाक मोरीत गेलं. एक मोठा कडाका झाला आणि मी सासूबाईंच्या अंगावर कोसळले. आस मोडला होता. घोडा उभ्या जागी थरथरत होता. मला काही लागलं नव्हतं, पण त्या धक्क्यानं पाणी गेलं, आणि पुढची कळ आली ती अशी, की आता पायानं दवाखाना गाठणं होणार नाही हे मला कळलं. यजमान नर्सबाईंना आणायला गर्दीतून पळत सुटले.

मी रस्त्यावर बसले होते. भोवती बाजाराची माणसं. मला आठवतं, माझ्या डोळ्यांसमोर एका बाईची मेथीची पेंढी होती आणि मी त्या मेथीकडंच बघत होते, म्हणजे दुसरं काही बघावं लागू नये.

चाँदबी तिच्या दारातून बाहेर आली. उंच, हाडापेराची बाई. तिनं माझ्या काखेत हात घातला. सासूबाई तिच्याकडं बघत राहिल्या. इतक्या वर्षांत दोघी इतक्या जवळ उभ्या राहिल्या नव्हत्या.

"वहिनी," चाँदबी म्हणाली, "बोलायचं ते बाद में बोलू. आधी पोरीला आत घ्या."

सासूबाईंनी माझा दुसरा दंड धरला. त्या घराचा उंबरा आम्ही तिघींनी एकदमच ओलांडला.

मुलगी झाली ती नर्सबाई यायच्या आधी. आणि ती रडली नाही. खोलीत कुणी बोलेना. मी डोळे घट्ट मिटून घेतले, कारण ही शांतता मी आधी एकदा ऐकलेली होती. मग मला सासूबाईंचा आवाज ऐकू आला, अगदी हलका, "चाँदबी, पालथी धर." सासूबाईंनी बोटानं तिच्या तोंडातला चिकटा काढला, चाँदबीनं तिला तळहातावर पालथी घेऊन पाठ चोळली. चोळत राहिली. "रो गे माँ, रो," असं पुटपुटत राहिली. आणि पोर रडली. बारीक, चिडलेलं रडणं. बाहेर बाजाराचा एवढा गलबला, पण मला वाटलं सगळ्या गावानं ते ऐकलं असेल.

नर्सबाई आल्या, त्यांनी पुढचं सगळं केलं. संध्याकाळी मला आणि बाळाला खुर्चीवर बसवून चौघांनी आमच्या घरी पोचवलं. मोरीपाशी चौघेही थांबले आणि एकेक पाय चाचपत पलीकडं गेले.

येळवस उजाडली. शेजारपाजारचे सगळे गेले. यजमानांनाही त्यांच्या साहेबांनी शेतात नेलं. घरात मी, बाळ आणि सासूबाई. आमच्या खोलीला गल्लीच्या बाजूनं एक खिडकी होती. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून ती बंद होती, फटीत चिंध्या कोंबलेल्या. शेगडीवर ओवा आणि बाळंतशेपा धुमसत होत्या. धुरीचा, तेलाचा, दुधाचा असा एक कोंडलेला वास. दुपारपर्यंत बाहेर चिमणीचाही आवाज नव्हता. आणि मग ठक्. थोड्या वेळानं पुन्हा ठक्. दगडावर दगड पडल्याचा आवाज.

"कोण आहे हो?" मी विचारलं.

सासूबाईंनी दार किलकिलं करून बघितलं. बराच वेळ बघत राहिल्या. परत येऊन शेगडी सारखी करत म्हणाल्या, "चाँदबी आहे. मोरीत दगड टाकायलीय."

"एकटीच?"

"दुसरं कोण आहे आज गावात?"

पुन्हा ठक्. सासूबाई बाळाचे लंगोट वाळत घालत होत्या. एकेका आवाजाला त्यांचा हात थांबायचा. त्या दिवशी त्या बाहेर गेल्या नाहीत. पण मडक्यात आमच्यापुरती केलेली आंबील होती, तिच्यातली तांब्याभर आंबील त्यांनी दारात नेऊन ठेवली आणि हाक मारली, "चाँदबी, ऊन लई झालंय. घोटभर घे." एवढंच. तांब्या रिकामा परत आला तो राखेनं घासून लखलखीत केलेला. सासूबाईंनी तो पुन्हा घासला नाही. तसाच फळीवर ठेवला.

पौष लागला. संक्रांतीपर्यंतचे ते दिवस मला अजून कानांनी आठवतात. पहिल्या दिवसांत तो एकटा आवाज असायचा, सकाळी थोडा, दुपारी थोडा. येणारे-जाणारे थांबून बोलायचे. कुणी म्हणायचं, "चाँदबी, हे सरकारचं काम हाय, तू कशाला हाडं झिजवतीस?" तिचं उत्तर खिडकीच्या फटीतून मला स्वच्छ ऐकू यायचं. "सरकार येईल तब येईल. कल परसों फिर कोई पोरगी इथं पडली तर?" कुणी हसून पुढं जायचं. मग एका सकाळी ठक् ठक् दोन झाले. शिंपी आला होता. त्यानंतर घमेल्यांचा आवाज, फावड्याचा खरखराट. दवाखान्यात निघालेली एक खेड्यातली बाई म्हणे डोक्यावरचं गाठोडं उतरवून दोन दगड उचलून देऊन पुढं गेली. हे मला संध्याकाळी यजमान सांगायचे. घरी आले की टोपी काढायच्या आधी ते खिडकीपाशी उभं राहून मला रस्त्याची बातमी द्यायचे. मीही दिवसभर ऐकलेलं त्यांच्या बातमीशी जुळवून बघायची.

पण नुसत्या खड्डे बुजवण्यानं रस्ता होत नाही. मोरी नव्यानं बांधायची तर घडीव, जाड दगड हवे होते. गल्लीत तसे दगड एकाच ठिकाणी होते. चाँदबीच्या घराला लागून महमूदची खोली होती. खोली म्हणजे छातीएवढ्या भिंती. मुलाच्या लग्नासाठी तिनं बांधायला काढली होती आणि तेवढ्यात ते वर्ष आलं. नऊ वर्षं त्या भिंती तशाच उभ्या होत्या, वर आकाश. दर पावसाळ्यानंतर ती त्यांच्यावर उगवलेलं गवत उपटायची, दर ईदेला चुना द्यायची. छप्पर नसलेल्या खोलीला चुना देणारी बाई म्हणून पोरं तिला हसायची. मोठी माणसं पोरांना गप्प करायची.

एका दुपारी ती आमच्या खिडकीपाशी आली. बाहेरूनच तिनं बाळाची खुशाली विचारली. मी चिंधी थोडी सरकवली. तिच्या केसांत, भुवयांत पांढरी धूळ होती. सासूबाई माझ्यामागं येऊन उभ्या राहिल्या.

"वहिनी," ती म्हणाली, "उद्या भिंत काढायलेय. महमूदची. आवाज होईल. बच्ची डरेगी, तिला जरा जवळ घेऊन बसा."

सासूबाई पुढं झाल्या. मग म्हणाल्या, "चाँदबी, त्या भिंतीला नको हात लावू. दगडाचं बघू आपण काहीतरी. तो आला तर?"

चाँदबीनं पदरानं तोंड पुसलं. "आया तो इसीच रस्त्यानं येईल ना, वहिनी," ती म्हणाली. "दुसरा रस्ता कुठं हाय?"

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी सकाळीच आंघोळ-पूजा आटोपली आणि मला म्हणाल्या, "विमल, शेगडीकडं लक्ष ठेव. मी जाऊन येते." कुठं, ते सांगितलं नाही. थोड्या वेळानं भिंत पडल्याचा आवाज आला. एकदम नाही, थराथरानं. चुन्यातून दगड सुटतानाचा तो कोरडा आवाज. मी बाळाला पोटाशी घट्ट धरलं होतं. ती दचकली नाही, झोपून राहिली. मीच रडत होते. शेजारीण नंतर सांगत होती, की पहिला दगड चाँदबीनं स्वतः काढला आणि तो खाली घ्यायला समोर हात पुढं आले ते माझ्या सासूबाईंचे. शिवाशिवीचं एवढं पाळणारी बाई. दोघींनी मिळून तो दगड मोरीपर्यंत नेला. कुणीतरी म्हणे घ्यायला पुढं झालं, तर दोघींनीही माना हलवल्या.

त्या दिवसापासून गल्लीत कुणी घरात बसलं नाही. भिंतीचा तो आवाज घराघरात गेला होता. वडार नवराबायको आली, त्यांनी दगड घडवून मोरीला बसवायला घेतले. छिन्नीचा टिणटिण आवाज दिवसभर चाले आणि त्या लयीत माझी मुलगी झोपायला शिकली. पुढं कित्येक महिने ती शांततेत झोपत नसे. काम एवढं पुढं गेल्यावर कुणीतरी साहेब येऊन बघून गेले आणि मुरमाच्या गाड्या आणि धुम्मस पाठवून दिला. धुम्मस म्हणजे मुरूम ठोकून बसवायचं लोखंडी वजन, दोन माणसांनी उचलून आपटायचं. त्याचा धप्प धप्प आवाज जमिनीतून खाटेच्या पायात यायचा आणि माझ्या पाठीला कळायचा. इतक्या मायेनं पाठीवर कुणी थोपटलं नसेल, असं मला त्या दिवसांत वाटायचं.

शेवटी अडलं ते वकीलसाहेबांच्या ओट्यापाशी. त्यांचा नवा ओटा गटारावर आलेला होता. पाणी तिथंच तुंबायचं आणि उलटून मोरीत यायचं. मोरी कितीही पक्की केली तरी दोन पावसांत पुन्हा खचणार. वकीलसाहेब वाईट माणूस नव्हते, पण हद्दीचा प्रश्न आला की त्यांच्यातला वकील जागा व्हायचा. ओटा आपल्या हद्दीत आहे असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. यजमान बोलून आले, शिंपी बोलून आला. उपयोग झाला नाही.

सासूबाई गेल्या आणि त्या ओट्यावर बसल्या. सकाळची वेळ, पक्षकार यायला लागलेले. वकीलसाहेब बाहेर आले.

"काकू, इथं का बसलात? आत या की."

"आत न्हाय येत. मला ओटाच बघायचाय."

"त्यात काय बघायचंय?"

"छान झालाय," सासूबाई म्हणाल्या. "ती समोर बघा, नऊ वर्षं उभी असलेली भिंत तिनं काढून दिली. मी म्हणलं, ज्या ओट्यासाठी ते दगड वाया जाणार, तो निदान नीट बघून तरी घ्यावा."

पक्षकार खाली बघायला लागले. वकीलसाहेब आत गेले. थोड्या वेळानं त्यांच्या पत्नी बाहेर आल्या आणि सासूबाईंच्या शेजारी बसल्या. दोघी ऊन खात गप्पा मारत राहिल्या, तिळाचा भाव, लोकरीचे मोजे, असं काहीबाही. दुपारी कोर्टातून परतल्यावर वकीलसाहेबांनी स्वतःच वडाराला हाक मारली. ओटा निघाला. धुम्मस धरायला पुढं ते स्वतःही आले, कोट काढून, बाह्या सरसावून. त्यांना दोन ठोक्यांत दम लागला. पण ते गल्लीतल्या प्रत्येकानं बघितलं, आणि त्यांनाही ते बघितलं गेलेलं आवडलं असावं.

सव्वा महिना झाला. मला न्हाऊमाखू घालून सासूबाईंनी बाळाला कुंची बांधली आणि म्हणाल्या, "चल. देवाला जायच्या आधी एका ठिकाणी जाऊन येऊ." मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. इतके दिवस अंधाऱ्या खोलीत काढलेले, मला ऊन सोसेना. डोळे निवल्यावर बघितलं तर ज्या रस्त्याचा प्रत्येक ठोका मी ऐकला होता तो समोर होता. मुरमाचा तांबूस, पाणी मारून बसवलेला, अजून थोडा ओलसर. मधोमध मोरीवर काळ्या दगडांची रांग. काही दगडांच्या कडेला चुन्याची पांढरी रेघ राहून गेली होती. त्यावरून पाय टाकताना माझा पाय अडला. सासूबाईंनी मागून पाठीला हात लावला. "चाल," त्या म्हणाल्या. "चालण्यासाठीच दिलेत तिनं."

चाँदबी आपल्या ओट्यावर बांगड्यांची पेटी उघडून बसली होती. सासूबाईंनी मुलीला तिच्या मांडीवर ठेवलं. माझ्या हातात तिनं हिरव्या बांगड्या भरल्या. तिचे हात दगडांनी सोलवटले होते, पण काचेची बांगडी मनगटावरून अशी उतरली की मला कळलंही नाही. मग सासूबाई तिच्याशेजारी टेकल्या. आता त्यांना बोलायला वेळ होता. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. मी मुलीला घेऊन मुद्दाम रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला गेले. दोघी हळू आवाजात बोलत होत्या. बार्शी हा शब्द मला एकदा ऐकू आला.

महमूद आला नाही. पुढं पंधरा-वीस वर्षं चाँदबी त्या घरात राहिली. भिंत होती त्या मोकळ्या जागेत तिनं कडुलिंब लावला. ती गेली तेव्हा सासूबाईंना चालवत नव्हतं. त्यांनी खुर्ची दारात मांडायला लावली आणि जनाजा मोरी ओलांडून जाईपर्यंत हात जोडून बसून राहिल्या. गल्लीतले सगळे पुरुष आळीपाळीनं खांदा देत होते. आता त्या रस्त्यावर कितीदा डांबर पडलं, कितीदा सिमेंट पडलं. नव्या मुलांना खाली काय आहे ते ठाऊक नाही. ठाऊक असावं असा माझा हट्टही नाही. रस्त्यानं आपलं नाव सांगत बसू नये. पण मोठ्या माणसांच्या, मोठ्या त्यागांच्या गोष्टी कुणी सांगू लागलं की माझ्या मनात येते ती धुळीनं भुवया पांढऱ्या झालेली, खिडकीशी उभी राहून बच्ची दचकेल म्हणून आधी सांगायला आलेली बाई. आपल्या आयुष्यात उभं उरलेलं शेवटचं तेवढंच पाडायला निघालेली, आणि काळजी दुसऱ्याच्या तान्ह्याची.

रस्ता झाला त्याच वर्षी, चैत्राच्या अखेरीला, एका सकाळी मी मुलीला कडेवर घेऊन चाँदबीच्या ओट्याशी उभी होते. शेजारच्या गल्लीतली एक नवी नवरी बांगड्या भरायला आली होती. तिचा हात चाँदबीच्या हातात होता. तेवढ्यात वरच्या अंगानं तांगा आला. आत एक बाई आडवी होती, तिच्या उशाशी बसलेल्या म्हातारीनं तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. कुठल्या खेड्यातली होती, कुणाची होती, आम्हाला माहीत नव्हतं. कण्हणं ऐकू येत होतं. तांगेवाला घोड्याला दामटत होता. गल्लीतल्या बायका एकेक करून दारात आल्या. कुणाच्या हातात लाटणं, कुणाचे हात पिठाचे. सगळ्या मोरीकडं बघत होत्या. चाकं दगडांवर आली, टापांचा आवाज क्षणभर बदलला, आणि तांगा पलीकडं गेला. तसाच, न थांबता, दवाखान्याच्या वळणापर्यंत. तिथं वळला आणि दिसेनासा झाला.

 बायका पुन्हा आत गेल्या. चाँदबी अजून वळणाकडंच बघत होती.

"खाला," ती नवी नवरी हळूच म्हणाली, "हात सैल सोडा की. दुखायलाय."